मेनू दिसतो, पुढे जात नाही: स्वतः बनवलेली लाइव्ह इमेज कंसात अडकते तेव्हा

दर जूनमध्ये शाळा उघडल्या की आठवड्याभरात मला याच दुखण्याचे फोन सुरू होतात. कुणीतरी हौसेने डेबियन या लिनक्सची स्वतःची लाइव्ह इमेज (हार्ड डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम) बनवलेली असते. मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कळफलक, लिब्रेऑफिस, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री, सगळं त्यात. घरच्या लॅपटॉपवर ती झकास चालते. लॅबमध्ये नेली की बावीसपैकी चार मशीन अडून बसतात. मी हे इतक्यांदा निस्तरलंय की आता फोनवरच्या पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मी प्रकरणं मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितोय.

कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची.

लक्षणं

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होतं. ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो. एंटर दाबल्यावर काळ्या पडद्यावर काही ओळी सरकतात, मग बराच वेळ शुकशुकाट. शेवटी "अनेबल टु फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम" अशी ओळ येते आणि खाली कंसात इनिटरॅमएफएस असं लिहून कर्सर लुकलुकत राहतो. डेबियन आणि उबंटू या दोन्ही घराण्यांत हाच मजकूर दिसतो. आर्चवर हेच दुखणं "डिव्हाइस ३० सेकंदांत आलं नाही" अशा शब्दांत दिसतं, तर फेडोरात ड्रॅकट हा सुरुवातीचा प्रोग्राम वाट पाहून पाहून थकल्याचं सांगतो.

मेनूच आला नाही, तर ते वेगळं दुखणं आहे: बूटचा क्रम, सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम अडवणारी सेटिंग), किंवा मशीन सुरू होण्याची नवी यूईएफआय पद्धत आणि जुनी लेगसी पद्धत यांची गल्लत. जुन्या लॅबमध्ये याचं एक गमतीशीर कारण हमखास सापडतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, त्यामुळे काल लावलेला बूटचा क्रम आज पुसलेला. "सर, काल चालत होतं" असं कुणी म्हणालं आणि मशीन जुनाट तारीख दाखवत असलं, तर आधी सेल बदला. डेस्कटॉप येता येता पडदा काळा होत असेल, तर ग्राफिक्सच्या फर्मवेअरकडे बघा. ते दोन्ही विषय इथे नाहीत.

मेनू दिसतो तरी पेनड्राइव्ह सापडत नाही, हे कसं?

हे कळलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप ओळीत बसतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

मशीन चालू झाल्यावर पेनड्राइव्ह पहिल्यांदा वाचतो तो मदरबोर्डवरचा बायोस किंवा यूईएफआय. तो ग्रब उचलतो. ग्रब त्याच्याच मदतीने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरतं छोटं लिनक्स; कंसातलं इनिटरॅमएफएस ते हेच) या दोन फाइली रॅममध्ये आणतो. तिथे बायोस आणि ग्रब यांचं काम संपलं. कर्नल जागा होतो तेव्हा बायोसने काय पाहिलं होतं याची त्याला काहीही कल्पना नसते. त्याने आता स्वतःच्या ड्रायव्हरने यूएसबी कंट्रोलर ओळखायचा, पेनड्राइव्ह नव्याने शोधायचा, त्यावरची आयएसओ फाइलप्रणाली जोडायची, आणि लाइव्ह नावाच्या फोल्डरातली फाइलसिस्टिम डॉट स्क्वॉशएफएस ही अवाढव्य फाइल उघडायची. खरी ऑपरेटिंग सिस्टिम त्या फाइलीत असते.

म्हणजे पेनड्राइव्ह दोनदा सापडावा लागतो. मेनू दिसला याचा अर्थ पहिला शोध लागला, एवढाच. "मेनू येतोय ना, मग पेनड्राइव्ह ठीकच आहे" हे वाक्य ऐकलं की मी ओळखतो, यांची अख्खी दुपार वाया गेलेली आहे.

फुकटात होणारी तपासणी: पोर्ट

पेनड्राइव्ह काढा आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या पोर्टात लावा. शक्यतो काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या. मधला हब, एक्स्टेन्शनची वायर, कार्ड रीडर सगळं बाजूला. पुढच्या पॅनेलवरचे पोर्ट आतून एका वायरीने बोर्डाला जोडलेले असतात आणि दहा वर्षांच्या कॅबिनेटमध्ये ती वायर सैल, गंजलेली किंवा उंदराने कुरतडलेली निघते. मेनूपुरत्या चार फाइली वाचायला ती पुरते. नंतर दोन-तीन जीबी वाचायची वेळ आली की तीच वायर दगा देते. वर सांगितलेल्या बावीस मशीनपैकी ज्या चार अडल्या होत्या, त्यांतल्या तीन केवळ मागच्या पोर्टावर गेल्याने चालल्या.

ही तपासणी फालतू वाटते म्हणून लोक ती सोडतात आणि थेट इमेज पुन्हा बनवायला बसतात. इमेज बनायला तासभर लागतो, पोर्ट बदलायला दहा सेकंद.

दुसरी, हीसुद्धा फुकट: कंसातल्या शेलला विचारा

तो लुकलुकणारा कर्सर पाहून बहुतेक जण घाबरून पॉवर बटण दाबतात. दाबू नका. ते एक छोटं, चालतं लिनक्स आहे आणि बिघाड कुठे आहे ते तेच सांगतं. कॅट कमांडने प्रॉक फोल्डरातली पार्टिशन्स ही फाइल वाचा. कर्नलला दिसलेल्या सगळ्या डिस्क तिथे येतात. आकडे एक किलोबाइटच्या ठोकळ्यांत असतात, त्यामुळे १६ जीबीचा पेनड्राइव्ह दीड कोटीच्या आसपास दिसेल. यादी पाहून तीनपैकी एक निदान होतं.

यादीत पेनड्राइव्हच नाही: कर्नलपर्यंत तो पोहोचलेलाच नाही. पोर्ट, वायर किंवा ड्रायव्हर. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडच्या शेवटच्या ओळी पाहा. काहीच नवीन उमटलं नाही, तर ड्रायव्हरचा संशय पक्का. "रीसेट", "एरर" अशा ओळींची रांग लागली, तर वायर किंवा पेनड्राइव्ह.

यादीत आहे, पण बीएलकेआयडी ही कमांड त्यावर आयएसओ ९६६० (इमेजची फाइलप्रणाली) दाखवत नाही: इमेज नीट लिहिली गेलेली नाही.

आहे आणि आयएसओ म्हणून ओळखलाही जातोय: मग एक रिकामं फोल्डर बनवून तो हाताने माउंट करा, म्हणजे त्या फोल्डराला जोडा, फक्त वाचण्यापुरता. "नो सच डिव्हाइस" असं उत्तर आलं तर गोंधळू नका. डिव्हाइस समोर आहे, कर्नलला ती फाइलप्रणाली वाचणारं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) मिळत नाहीये, असा त्याचा अर्थ. माउंट झाला तर लाइव्ह फोल्डरात स्क्वॉशएफएसची फाइल आहे का आणि तिचा आकार बरोबर आहे का, ते पाहा.

तिथे बसलाच आहात तर आणखी एक. यूनेम कमांडने कर्नलची आवृत्ती विचारा आणि लिब फोल्डरातल्या मॉड्यूल्समध्ये असलेल्या फोल्डरचं नाव पाहा. ही दोन नावं अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत. कारण पुढे सांगतो. या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुणाला मदत मागाल तेव्हा "एरर येतोय" या दोन शब्दांपेक्षा तो शंभरपट उपयोगी पडतो.

पेनड्राइव्ह पुन्हा लिहिणं

आधी मूळ इमेजचा शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का, हे सांगणारा आकडा) जुळवा, विशेषतः ती इमेज व्हॉट्सॲप किंवा ड्राइव्हवरून एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आली असेल तर. मग लिहा.

लिनक्सवर इमेज लिहायला डीडी ही कमांड वापरताना दोन चुका वारंवार होतात. पहिली: एसडीबीऐवजी (अख्ख्या पेनड्राइव्हऐवजी) एसडीबी-१ ला, म्हणजे त्यावरच्या पहिल्या पार्टिशनला लिहिणं. शेवटी आकडा लावला की इमेज पार्टिशनच्या आत जाते आणि पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला असायला हवा तो बूटचा भाग जागेवर येत नाही. दुसरी चूक जास्त फसवी. डीडी "झालं" म्हणतो तेव्हा बरीचशी माहिती अजून रॅममध्येच असते. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपटला की इमेजची सुरुवात लिहिलेली आणि शेपूट गायब. मेनू दिसतो! पण स्क्वॉशएफएस आपली सूची फाइलीच्या शेवटी ठेवतो, त्यामुळे शेपूट तुटलं की ती फाइल उघडतच नाही. डीडीला कॉन्व्ह इज इक्वल टु एफसिंक हा पर्याय द्या, किंवा नंतर सिंक चालवा आणि ते परत येईपर्यंत हात लावू नका.

लिहून झाल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि सीएमपीने इमेजशी ताडून पाहा, इमेजच्या आकाराइतकेच बाइट. काढून लावायचं कारण असं की न काढता ताडलं तर सिस्टिम रॅममधली प्रतच वाचून "सगळं बरोबर" असं सांगू शकते.

विंडोजवर रूफस वापरत असाल, तर तो आयएसओ पद्धत की डीडी पद्धत असं विचारतो. घरी बनवलेल्या इमेजला डीडी निवडा. आयएसओ पद्धतीत तो पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करून आत फाइली कॉपी करतो. फॅट या फॉरमॅटमध्ये पेनड्राइव्हच्या लेबलला (नावाला) ११ अक्षरांची मर्यादा आहे, आणि फेडोराच्या इमेजी स्वतःला लेबलावरून शोधतात, त्यामुळे लेबल कापलं गेलं की संपलं. कुणी हाताने फाइली ओढून टाकत असेल तर आणखी एक अडचण: फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एकाच पेनड्राइव्हवर अनेक इमेजी ठेवू देणारा व्हेंटॉय उत्तम आहे, मीही वापरतो. पण तो बूटच्या वाटेत स्वतःची कारागिरी घालतो, म्हणून तपासणी चालू असेपर्यंत त्याला सुट्टी.

ताडणी दरवेळी वेगळ्याच ठिकाणी फसत असेल, तर पेनड्राइव्ह नकली असण्याची शक्यता धरा. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत चिप ८ जीबीची, असा माल बाजारात भरपूर आहे. "दीड जीबीची जुनी इमेज चालायची, पाच जीबीची नवी चालत नाही" हे त्याचं ठळक लक्षण. एफ३ नावाचं टूल पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचतं आणि खरी क्षमता सांगतं.

इमेज दोषी की यंत्र?

लॅबमध्ये धावपळ करण्याआधी हा प्रश्न घरीच सोडवता येतो. तीच इमेज क्यूईएमयू या आभासी संगणकात चालवा. बहुतेक जण ती सीडी म्हणून जोडतात, चालली की खूश होतात. त्यातून फक्त सीडीचा रस्ता तपासला जातो. यूएसबीचे ड्रायव्हर त्यात लागतच नाहीत. तीच फाइल यूएसबी-स्टोरेज म्हणून जोडा, आणि मग ओव्हीएमएफ (आभासी संगणकासाठीचं यूईएफआय) फर्मवेअर घेऊन यूईएफआयमध्येही एकदा चालवा. सीडी म्हणून चालते आणि यूएसबी म्हणून अडते, असं दिसलं तर तुम्ही जवळजवळ उत्तरावर आलात: इनिटआरडीत यूएसबीची मॉड्यूल्स नाहीत. दोन्हीकडे चालली, तर इमेजला बोल लावू नका.

मेनूतली ओळ

ग्रबच्या मेनूवर ई दाबा आणि लिनक्सने सुरू होणारी ओळ वाचा. डेबियनमध्ये तिथे बूट इज इक्वल टु लाइव्ह हवं, उबंटूत कॅस्पर (ही त्या त्या घराण्यातल्या लाइव्ह बूटच्या स्क्रिप्टची नावं). उबंटूच्या लेखातून उचललेली ग्रबची फाइल डेबियनच्या इमेजमध्ये घालणारे मला दरवर्षी भेटतात. मग इनिटआरडी स्क्रिप्ट्समधली कॅस्पर नावाची फाइल शोधतो, ती नसते, आणि कर्नल पॅनिक होतो. हा पर्यायच गळून गेला असेल तर "नो रूट डिव्हाइस स्पेसिफाइड" असं दिसतं. एका पेनड्राइव्हवर दोन इमेजी ठेवायच्या म्हणून लाइव्ह फोल्डर हलवलं असेल, तर लाइव्ह-मीडिया-पाथ हा पर्याय द्यावाच लागतो.

इथे केलेला बदल त्या एका बूटपुरता टिकतो. चालला तर लाइव्ह-बिल्डच्या (डेबियनची इमेज बांधणाऱ्या टूलच्या) कॉन्फिग फोल्डरातल्या बूटलोडर्समध्ये कायमचा करा. (जाता जाता: मेनू मराठीत करायचा मोह आवरा. ग्रबला देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवता येत नाहीत, "प्रारंभ"ची पार दशा होते.)

डेबियनच्या इमेजना आणखी एक पर्याय देता येतो, व्हेरिफाय-चेकसम्स. बूट होताना माध्यमावरच्या फाइली तपासून घेतो. वेळ लागतो, पण जुन्या पेनड्राइव्हवर वापरण्यासारखा आहे.

उबंटूची तयार इमेज फोडून पुन्हा बांधली असेल, तर एक छुपा सापळा आहे. कॅस्पर इनिटआरडीत एक यूयूआयडी (ओळख क्रमांक) ठेवतो आणि तोच पेनड्राइव्हच्या डॉट-डिस्क फोल्डरात आहे का, ते ताडतो. तुम्ही इनिटआरडी नव्याने बनवला आणि ती फाइल जुनीच ठेवली, की समोर असलेला पेनड्राइव्ह तो परका म्हणून नाकारतो. इग्नोअर-अंडरस्कोर-यूयूआयडी हा पर्याय देऊन पाहा. त्याने चालू झालं तर रोग हाच.

इनिटआरडीचं पोट उघडणं

इथून पुढे वेळ लागतो. एलएसइनिटरॅमएफएस कमांडने इनिटआरडीतली यादी काढा. स्क्रिप्ट्समध्ये लाइव्ह आहे का? नसेल तर लाइव्ह-बूट हे पॅकेजच आत गेलेलं नाही. लाइव्ह-बिल्ड ते आपणहून घालतो. डीबूटस्ट्रॅपवर (मूळ डेबियन उतरवणाऱ्या टूलवर) सगळं हाताने रचणारे मात्र विसरतात, किंवा पॅकेज नंतर घालून इनिटआरडी पुन्हा बनवत नाहीत. मग मॉड्यूल्स पाहा: यूएसबी-स्टोरेज, यूएएस, एक्सएचसीआय-पीसीआय, आयएसओएफएस, लूप, स्क्वॉशएफएस, ओव्हरले. यांपैकी एकही नसून चालत नाही.

यूएसबीची मॉड्यूल्स गायब असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इनिटरॅमएफएस डॉट कॉन्फ या फाइलीत मिळतं. तिथे मॉड्यूल्स समोर मोस्ट असायला हवं. डेप असेल तर इनिटआरडी फक्त बनवणाऱ्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर उचलतो. स्वतःच्या लॅपटॉपची सिस्टिम जशीच्या तशी लाइव्ह करणाऱ्यांना हे नेमकं चावतं, कारण त्यांच्या लॅपटॉपवर ती इमेज चालतेच.

आणि ते कर्नलच्या नावाचं. हूकमधून (बांधणीत चालणाऱ्या आपल्या स्क्रिप्टमधून) बॅकपोर्ट्सचा (जुन्या डेबियनसाठीच्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातला) नवा कर्नल घातला आणि जुना काढला नाही, तर इमेजमध्ये दोन कर्नल राहतात. मेनू एकाचा कर्नल आणि दुसऱ्याचा इनिटआरडी उचलतो. कर्नल चालतो, पण मॉड्यूल्स दुसऱ्या आवृत्तीची म्हणून एकही चढत नाही. पेनड्राइव्ह अर्थातच दिसत नाही. जुना कर्नल काढा आणि पुन्हा बांधा.

पुन्हा बांधताना

लाइव्ह-बिल्डच्या एलबी क्लीन कमांडला पर्ज जोडून सगळा जुना पसारा साफ करा, नाहीतर कॅशमधली कालची चूक आजच्या इमेजमध्ये शिरते. एलबी बिल्डचा सगळा मजकूर टी कमांडने फाइलीत साठवा. अर्ध्या वाटेत डिस्क भरली की "नो स्पेस लेफ्ट" ही ओळ हजारो ओळींत कुठेतरी गाडलेली असते. बांधणीला इमेजच्या कित्येक पट मोकळी जागा लागते. मी २५ जीबी मोकळे असल्याशिवाय सुरूच करत नाही.

मशीन फारच जुनी असतील तर हेही पाहा. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या संगणकांसाठी कर्नल मिळत नाही, तिथे २०२३ च्या डेबियन १२ वरच इमेज बांधावी लागते. कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे, त्याची चिंता नको.

एकाच कॉन्फिगवरून बांधलेली इमेज कधी चालते, कधी स्क्वॉशएफएसच्या चुका देते, असं होत असेल तर बांधणाऱ्या मशीनची रॅम मेमटेस्टने रात्रभर तपासा. स्क्वॉशएफएस दाबून बसवताना रॅमची जी कसोटी लागते ती रोजच्या कामात लागत नाही.

कुठे थांबायचं

चांगल्या दोन पेनड्राइव्हवर, मागच्या सगळ्या पोर्टांवर डीमेसेज त्याच रीसेटच्या ओळी देतोय, तर बोर्डावरचा यूएसबी भाग गेलेला आहे. ते हार्डवेअरवाल्याचं काम. पेनड्राइव्ह किंवा पोर्ट चटका बसावा इतका तापत असेल, तर लगेच पॉवर काढा. बायोस अपडेट करून पाहू असा विचार मनात आला आणि लॅबला यूपीएस नसेल, तर तो विचार तिथेच सोडा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

मशीन संस्थेचं असेल आणि बायोसला पासवर्ड असेल, तर तो मोडायच्या भानगडीत पडू नका. ज्याची जबाबदारी आहे त्याला बोलवा. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का, ते विचारा. ती सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती कुणाकडे आहे हे आधी माहीत नसेल तर त्या लॅपटॉपमधला सगळा डेटा कुलुपात अडकतो.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे डीडी चुकून मशीनच्या आतल्या डिस्कवर चालणं. डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये आकार न पाहता घाईने नाव टाकलं की हे होतं, चांगल्या चांगल्यांकडून होतं. लक्षात आलं त्या क्षणी पॉवर काढा, डिस्क बाहेर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. फायली "जरा दिसतात का बघूया" म्हणून ते मशीन पुन्हा चालू करू नका, आणि तुमच्या लाइव्ह इमेजवरून दुरुस्तीचं एखादं टूलही त्या डिस्कवर चालवू नका.